पद्माच्या पोटरीतला गोळा

बोलकी माणसं किस्से सांगून मोकळी होतात. न बोलणाऱ्यांजवळ ते साचत राहतात. गळक्या छपराखाली ठेवलेल्या बादलीला काही करावं लागत नाही, नुसतं बसून राहावं लागतं, तसं! आमच्या रावेरच्या शाळेच्या खो-खो संघात मी दोन वर्षं अशीच बसून आहे. आता बादली काठापर्यंत आली आहे, तेव्हा थोडी ओतते. मैत्रिणींनी रागावू नये. पद्माने तर मुळीच नाही, कारण बहुतेक थेंब तिचेच आहेत.

*

आधी संघ. आम्ही दहा जणी. मैदानावर नऊ लागतात. उरलेली एक म्हणजे मी, निर्मला.

दहापेक्षा जास्त मुली मिळाल्याच नाहीत. "पोरींनी हाफपँट घालून पळायचं?" हा प्रश्न आमच्या गावात बऱ्याच घरांत अजून सुटलेला नाही. मला मात्र घरून लगेच परवानगी मिळाली. आई बाबांना म्हणाली, "जाऊ द्या हो. ही कुठे पळणार आहे!"

खो-खोत बसलेल्या मुलीला पाठीमागून हात लावून मोठ्याने "खो" म्हणायचं असतं. मी म्हणते. पण ते कुणाला ऐकू येत नाही. एकदा सरावात मी पद्माला खो दिला आणि ती बसूनच राहिली. महाजन सरांनी शिट्टी फुंकली.

"अगं ऊठ! खो दिलाय तिने!"

"दिला असेल सर," पद्मा मान वळवून म्हणाली, "पण हिचा खो टपालाने येतो. उद्यापर्यंत मिळेल!"

त्या दिवसापासून सरांनी मला सामानाची पिशवी सांभाळायला दिली. मी मनापासून खूश होते. फक्त एक भीती होती. नवांतली एक जरी जायबंदी झाली, तर मला उतरावं लागणार! आणि नेमके पद्माच्याच पोटरीत गोळे यायला लागले.

*

पद्मा म्हणजे आमच्या संघाचा प्राण. खांबाजवळ ती अशी झेप घेते की समोरची मुलगी पळायची विसरते. पण पाऊस संपला आणि शाळेचं मैदान वाळलं, तेव्हापासून तिचं काहीतरी बिनसलं. पळता पळता ती "आई गं!" म्हणून खाली बसायची. पोटरी हात लावून पाहावी तर दगड!

उपाय सांगायला सगळ्या पुढे. शोभा म्हणाली मीठ चाटव. मंदा आमची कॅप्टन, तिने शेतातून केळीचं सोपट आणून पायाला बांधलं, कारण तिच्या काकांचा गुडघा त्याने बरा झाला होता. खोडाच्या त्या ओल्या पट्टीने पद्माच्या पायाला फक्त मुंग्या लागल्या. खऱ्या मुंग्या!

कामाचा उपाय सरांचा. गुडघा सरळ ठेवायचा, पायाचा अंगठा धरायचा आणि पाऊल वरच्या बाजूला दाबायचं. सर लांबून ओरडायचे, "गुडघा सरळ! अंगठा नाकाकडे!" हे काम अर्थातच पिशवीवालीकडे आलं. मला त्याची इतकी सवय झाली की घरी धाकट्या भावाने नुसतं "आई गं" म्हटलं, तरी माझा हात त्याच्या पायाकडे जायचा.

एकदा तर इतिहासाच्या तासाला, बसल्या बसल्या पद्माला गोळा आला. मी गुपचूप बाकाखाली शिरले आणि अंगठा धरला. बाईंनी पाहिलं.

"काय चाललंय तिकडे?"

"बाई, निर्मला माझे पाय धरतेय!" पद्मा कळवळून म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे आणि मग बाकाखाली माझ्याकडे पाहिलं. "माफ कर गं तिला," त्या म्हणाल्या, "स्वभावाने गरीब आहे ती."

*

तालुक्याचे सामने आम्ही जिंकलो, पण शेवटच्या मिनिटाला पद्मा पुन्हा आडवी झाली. त्या दिवशी नेमके तिचे आजोबा सामना पाहायला आले होते. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. ऐंशीच्या घरात आहेत, पण रोज केळीच्या बागेत जातात आणि बोलतात ते एकदाच.

"पोरीच्या जातीनं असं लोळायचं नसते," घरी गेल्यावर ते म्हणाले. "परत मैदानात आडवी दिसली, तं खेळ बंद. धुळं नाही अन् फिळं नाही."

धुळ्याला दिवाळीनंतर सगळ्या खानदेशातल्या शाळांचे सामने होते. पद्मा आमच्या ओट्यावर बसून खूप रडली. तिला मी आधी कधीच रडताना पाहिलं नव्हतं, म्हणून मीही रडले. सगळ्यांना वाटलं, काय हे प्रेम! प्रेम होतंच. पण पद्मा नाही तर मैदानात नववी कोण, हेही मला दिसत होतं.

*

पद्माच्या आईला मात्र पोटरीची काळजी नव्हती. त्यांचं सगळं लक्ष पद्माच्या पापणीकडे होतं. गोळे सुरू झाले त्याच सुमारास तिची डावी पापणी फडफडायला लागली होती. बायकांची डावी पापणी लवणं म्हणजे शुभ! घरात नुसता आनंद. कुणाला वाटलं मामांची बदली जवळ होणार, कुणाला वाटलं म्हैस विणार ती पारडीच देणार.

मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचे. काकू मला दारातच विचारायच्या, "आज शाळेत किती वेळ लवली गं?" जशी काही मार्कं विचारताहेत!

शेवटी मंदाने धीर करून सांगितलं, "काकू, तिला थकवाही येतो. बोटांना झिणझिण्या येतात. आणि एकदा तर उजवी पापणीपण लवली."

उजवी म्हटल्याबरोबर काकूंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पद्माला दवाखान्यात नेलं!

*

डॉक्टरबाईंनी पाय पाहिले, पापणी पाहिली, हातावर टिचक्या मारून पाहिल्या. मग विचारलं, "जेवणखाण कसं आहे?"

"सगळं खाते," पद्मा म्हणाली.

"सगळं खाते," काकूही म्हणाल्या. "दूधपण देतो. सरांनी सांगितलं म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यासुद्धा दिल्या. काही फरक नाही."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं देव जाणे. सोबत आलेली मी भिंतीला टेकून उभी होते.

"टोस्ट," मी म्हणाले.

पद्मा माझ्याकडे असं बघत होती की जणू मी तिला चालत्या ट्रॅक्टरवरून ढकललं. "मैदानावर आवाज निघत नाही हिचा," ती म्हणाली, "इथे बरा निघाला!"

पण खरं तेच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पद्मा दीपनगरला मावशीकडे राहून आली होती. मावशीचे यजमान वीज केंद्रात नोकरीला. त्या कॉलनीत सकाळी पाव यायचा, लोणी यायचं, टोस्ट यायचे. परत आली ती ठरवूनच, की भाकरी खेड्यातले लोक खातात. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी पांढरा भात, संध्याकाळी परत चहा-टोस्ट. आणि वर पावसाळ्यात हगवण लागली, ती बरेच दिवस थांबलीच नव्हती.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला जळगावला पाठवलं. उत्तर आलं, मॅग्नेशियम कमी.

"स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं आणि सैल व्हायला मॅग्नेशियम," बाई म्हणाल्या. "हिचे स्नायू आवळतात, पण सैल व्हायचं विसरलेत. हगवणीत ते वाहून गेलं आणि टोस्टातून परत आलं नाही. नुसतं कॅल्शियम देऊन काय होणार?"

मग त्यांनी जेवण सांगितलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, डाळी, पालेभाजी, तीळ, शेंगदाणे आणि लाल भोपळ्याच्या बिया. काकू ऐकत होत्या आणि त्यांचं तोंड हळूहळू उघडत होतं.

"बाई," त्या म्हणाल्या, "हे तर आम्ही गड्यामाणसांना घालतो!"

"म्हणूनच," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांच्या पायात गोळे येत नाहीत."

*

यादीत केळंही होतं. आता रावेरच्या माणसाला केळं खा म्हणणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना समजणार नाही. आमच्याकडे केळी कच्ची कापतात, ट्रकमध्ये भरतात आणि ती उत्तरेकडे निघून जातात. घरी पिकतात ती मोडकी, डागाळलेली. ती एक तर पाहुण्यांना, नाही तर म्हशीला!

सरांचं गाव लांबचं. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी उत्साहाने सगळ्या संघासाठी पिशवीभर केळी आणली आणि प्रत्येकीच्या हातात एकेक दिलं. दहा जणी, दहाही केळीवाल्यांच्या घरच्या. कुणी सोलेना.

"काय झालं? खा की!"

शोभा नम्रपणे म्हणाली, "सर, हे आम्ही म्हशीला घालतो."

सरांनी उलट विचारलं, "तुमच्या म्हशीला कधी गोळा आलाय?"

"नाही सर."

"मग सोला!"

सगळ्यांनी सोललं. खाल्ल्यावर मंदा आश्चर्याने म्हणाली, "बरं लागते की हे!" बिचारीच्या घरी केळीची सगळ्यात मोठी बाग आहे.

*

जेवणाबरोबर डॉक्टरबाईंनी काही दिवसांसाठी गोळ्याही लिहून दिल्या होत्या. जेवणानंतर घ्यायच्या. निघताना त्यांनी बजावलं, "प्रत्येकीच्या पायातला गोळा यानेच येतो असं नाही. पाणी कमी पडलं, ऊन लागलं तरी येतो. तेव्हा मैत्रिणींत गोळ्या वाटायच्या नाहीत." आम्ही माना डोलावल्या.

आठवडा गेला तरी फरक पडेना. मी रोज पद्माला विचारायचे, "गोळी घेतली?" ती म्हणायची, "आई देते रोज." एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर काकू पाट्यावर काहीतरी पांढरं वाटत होत्या. शेजारी वाटीत कोमट तिळाचं तेल. वाटलेलं त्यात कालवलं आणि पद्माच्या पोटरीला खसाखसा चोळायला लागल्या.

"काकू, हे काय?"

"गोळी."

"ती पोटात घ्यायची असते."

काकू चोळायच्या थांबल्या नाहीत. "दुखते कुठे?" त्यांनी मलाच विचारलं. "पोटरीत. मग पोटात कायले?"

पद्मा डोळे मिटून पडली होती. तिला हे सगळं इतकं आवडलं होतं की तिने आठवडाभर आईची चूक सांगितलीच नव्हती!

*

या सगळ्यात आबांना औषधाचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं गोळ्या पोटात जायला लागल्यावर. नाव ऐकून ते खाटेवर उठून बसले.

"मॅग्नेशियम? ते तं आपल्या गोठ्यात गोणीभर पडेल आहे!"

होतंच. केळीचं पान कडेने पिवळं पडायला लागलं की आबा बागेला मॅग्नेशियम सल्फेट देतात. पांढरं, मिठासारखं खत.

"केळीले देतो, तं पान कसं हिरवंगार होते. मग पोरीले कामून नाही?"

पद्मा घाबरून माझ्यामागे लपली. मला वाटलं, आता बोलायलाच हवं. पण माझा आवाज निघेपर्यंत आबांनी तांब्याभर पाण्यात मूठभर खत ढवळलंसुद्धा. मात्र माणूस न्यायी. नातीला द्यायच्या आधी म्हणाले, "थांब. पहिले मी पिऊन पाहतो."

आणि प्यायले!

पुढचं फार सांगत नाही. त्या दिवशी आबा बागेकडे गेले आणि परत आले, परत गेले आणि परत आले. टमरेल खाली ठेवायला त्यांना वेळच मिळाला नाही. दुपारी त्यांना बैलगाडीतून दवाखान्यात नेलं आणि सलाईन लावलं. डॉक्टरबाई खूप रागावल्या.

"आबा, केळीला मुळं असतात. तुम्हाला आतडी आहेत! खत ते खत आणि औषध ते औषध. हे पोरीने घेतलं असतं म्हणजे? या वयात तुमच्या किडनीला काही झालं असतं म्हणजे?"

आबा सलाईनकडे बघत पडून होते. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बाई," ते म्हणाले, "एक मात्र खरं. पायात गोळा नाही आला."

*

हळूहळू पद्मा सुधारली. एकदम नाही. आधी बोटांच्या झिणझिण्या गेल्या, मग बसल्या बसल्या गोळे येणं थांबलं, मग सरावातले कमी झाले. पिशवीत आता मी शिट्टी आणि टाचणीच्या डबीबरोबर भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, शेंगदाणे आणि तिळाचे लाडू ठेवत होते. पद्माने जरा जरी टाळाटाळ केली, तरी मी तिच्यासमोर मूठ धरून उभी राहायचे. न बोलता.

"खाते गं बाई! तू बोलत नाहीस, त्याचीच जास्त भीती वाटते!"

पापणीही थांबली. सगळे खूश झाले. फक्त काकू एक दिवस पोळपाटापाशी बसून उदास आवाजात म्हणाल्या, "पाय बरा झाला ते चांगलंच झालं. पण आता घरात शुभ होणार असलं, तर कळणार कसं?"

*

धुळ्याला आम्ही एसटीने गेलो. आबाही बरोबर आले. खेळ बघायला नाही, पोटरी बघायला. "आडवी दिसली की इथूनच घरी," त्यांनी गाडीत पुन्हा सांगितलं. पद्मा खिडकीबाहेर बघत बिया चावत राहिली.

शेवटचा सामना शिंदखेड्याच्या मुलींशी होता. सकाळी त्या आमच्या शेजारीच झाडाखाली बसल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात उंच मुलगी चहात टोस्ट बुडवत आमच्याकडे बघत होती.

"हाई काय खाई ऱ्हायन्यात वं तुम्ही?" ती हसून म्हणाली. "चिमनीस्ना दाना?"

मी मूठ पुढे केली. तिने मान हलवली आणि अजून एक टोस्ट बुडवला.

सामना सुरू झाला. पद्मा अशी खेळली, अशी खेळली की आबासुद्धा दोरीजवळ येऊन उभे राहिले. दर झेपेला माझा जीव वर जायचा आणि ती उठली की खाली यायचा. शेवटच्या पाठलागात आम्ही बरोबरीला आलो. आता एक मुलगी बाद केली की सामना आमचा. आणि तेवढ्यात मंदा खांबावर आपटली. गुडघा फुटला, रक्त आलं.

सरांनी बाकाकडे पाहिलं. बाकावर दोनच गोष्टी होत्या. मी आणि बियांची पिशवी.

"सर, मी नको," मी म्हणाले. पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मी मंदाच्या जागी, शेवटच्या चौकोनात जाऊन बसले. डोळे मिटून घेतले होते. शेवटचं मिनिट चालू होतं. पाठीमागून पावलं आली, पाठीवर थाप बसली आणि पद्माचा आवाज कानात फुटला, "खो!"

मी उठले. पळाले. डोळे उघडले तेव्हा समोर ती उंच मुलगी होती आणि तिच्या-माझ्यात चांगलंच अंतर होतं. ते वाढत चाललं होतं. दोरीपलीकडून कुणीतरी वेळ मोजत होतं. आणि एकाएकी ती मुलगी थांबली. "आई वं!" असं ओरडून तिने पोटरी धरली आणि धाडकन खाली बसली.

पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की मी तिच्यापाशी गुडघ्यांवर बसले होते, डाव्या हाताने तिचा गुडघा सरळ केला होता, उजव्या हातात तिचा अंगठा होता आणि मी तो तिच्या नाकाकडे दाबत होते. तेवढ्यात पंचांची जोरात शिट्टी झाली. मला वाटलं, माझी काहीतरी मोठी चूक झाली. मी मान वर केली नाही. पोटरी अजून कडकच होती, सोडून कसं चालेल?

मागे आमच्या मुली वेड्यासारख्या ओरडत होत्या. पद्मा दोन्ही पायांवर उड्या मारत होती. आबा दोरी ओलांडून मैदानात आले होते आणि त्यांचा फेटा सुटला होता. सर लांबून घसा फोडून सांगत होते, "निर्मला, हात लागला! बाद झाली ती! जिंकलो आपण!"

मी दाबतच होते.

ती उंच मुलगी कोपरांवर टेकून उठली. डोळ्यांत पाणी होतं. तिने ओरडणाऱ्या आमच्या मुलींकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आऊट करं ना माले?" ती म्हणाली. "मंग आते पाय तं सोड ना माय!"